वाचक विचारतात: ग्रेट ड्रायव्हर नक्की म्हणायचं कोणाला?

मागच्या अंकात फॉर्म्युला वनमधले माझे पहिले तीन सांगितले होते, एक नंबर हुआन मॅन्युएल फँजिओ, दोन नंबर जिम क्लार्क आणि तीन नंबर अलाँ प्रोस्ट, आणि त्यावर इतकी पत्रं, मेल नि व्हॉट्सअ‍ॅप आले की संपादक म्हणाले या वेळचा अख्खा कॉलम त्यालाच देऊन टाका. निम्म्या लोकांना आयर्टन सेना नाही म्हणून राग आलाय, उरलेल्यांना लुईस हॅमिल्टन नाही म्हणून. शिव्या काढून टाकल्यात, प्रश्न तेवढे ठेवलेत.

दादा, शूमाकरची सात टायटल, हॅमिल्टनची सात टायटल आणि वर शंभराहून जास्त विजय. तुमच्या फँजिओचे एकूण विजय २४! लिहिण्याआधी आकडे तरी बघायचे ना.
*कॉलेजवाला, नाशिक*

आकडे बघूनच लिहिलंय रे बाबा. १९५० साली वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये सातच शर्यती होत्या, त्यातली एक अमेरिकेतली इंडियानापोलिस, तिथं युरोपातले ड्रायव्हर सहसा जायचेच नाहीत. २०२४ ला एका वर्षात २४ शर्यती झाल्या. हॅमिल्टनचे १०५ विजय आहेत ते साडेतीनशेहून जास्त शर्यतींतले, फँजिओचे २४ आहेत ते ५१ मधले, म्हणजे जवळजवळ निम्म्या. पॉइंटांची तर बेरीजच करू नको, तेव्हा जिंकल्यावर ८ मिळायचे, आता २५ मिळतात. आणि फँजिओची पाच टायटल चार वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांत आहेत, अल्फा रोमिओ, मर्सिडीज, फेरारी, मासेराती, आणि शेवटचं जिंकलं तेव्हा वय ४६. चाळिशीनंतर आपल्याला रिव्हर्स घेताना मान वळत नाही.

पण खरं सांगू का, टक्केवारीसाठी पण तो माझा एक नंबर नाहीये. मी एकच गोष्ट बघतो, गाडी पूर्ण जोरात चालवत असताना या माणसाचं डोकं किती शिल्लक राहतं. नवीन स्कूटर शिकणारा माणूस बघ, क्लच-ब्रेक-आरसा यातच तो संपतो, मागं बसलेली बायको काही बोलली तर म्हणतो थांब जरा. आणि वीस वर्षं चालवणारा लक्ष्मी रोडच्या गर्दीतून जाताजाता कोथिंबीर राहिली हे आठवून वळतो सुद्धा. तेच तिथं आहे, फक्त ताशी अडीचशेच्या स्पीडला. बहुतेक ड्रायव्हर त्या स्पीडला गाडी सांभाळण्यातच संपलेले असतात. फार थोडे असतात ज्यांच्याकडं अजून उरतं.

१९५० ची मोनॅको घे. समुद्राच्या कडेनं शर्यत, लाटेचं पाणी रस्त्यावर आलेलं आणि पहिल्याच लॅपला (म्हणजे फेरीला) मागं नऊ-दहा गाड्या एकमेकांवर आदळून रस्ता बंद. फँजिओ सगळ्यात पुढं होता, म्हणजे अपघात त्याच्या मागं झाला, त्याला काहीच माहिती नाही, आणि दुसऱ्या लॅपला तो त्याच आंधळ्या वळणाकडं सुसाट निघालाय. तिथं त्याला काहीतरी खटकलं. पुढं असलेल्या गाडीकडं सगळ्यांचे चेहरे वळलेले असायला पाहिजेत, पण कोणी त्याच्याकडं बघतच नव्हतं, सगळे पलीकडं बघत होते. यानं ब्रेक मारला, हळू केली, मोडक्या गाड्यांमधून वाट काढली आणि पुढं शर्यत पण जिंकली. पब्लिकच्या माना कुठं वळल्यात हे बघायला त्या क्षणी ज्याच्याकडं वेळ आहे, तो माझा एक नंबर. यावर वाद घालायचा असेल तर घाल.

प्रोस्ट तिसरा आणि सेना नाही?? हिशेब करत गाडी चालवणारा माणूस ग्रेट कसा हो, थोडं वेड नको का? मी तर तुमचा अंक बाजूलाच ठेवला.
*सेनाभक्त, पुणे (हो, बाईच आहे)*

ताई, बाजूला ठेवलेला अंक जरा परत उघडा, उत्तर लांब आहे.

दोघं १९८८ आणि ८९ ला मॅकलारेनमध्ये एकत्र होते, सारखीच गाडी. दोन वर्षांत पोल (म्हणजे शर्यतीआधीच्या फेरीत सगळ्यात फास्ट लॅप मारून मिळालेली पहिली जागा) सेनाचे २६, प्रोस्टचे ४. एका लॅपला सेना किती फास्ट होता ते यातनं दिसतं, मोनॅकोला ८८ साली तर प्रोस्टपेक्षा जवळजवळ दीड सेकंदानं पुढं होता, सारख्या गाडीत दीड सेकंद म्हणजे कहर आहे, आणि यात माझा काही वादच नाही. आता दुसरी बाजू. दोन्ही वर्षी मिळवलेले एकूण पॉइंट प्रोस्टचे जास्त आहेत. ८८ ला प्रोस्टचे १०५ आणि सेनाचे ९४ होते, पण तेव्हा नियम असा की सगळ्यात चांगले अकरा निकालच धरायचे, म्हणून टायटल सेनाला गेलं. ८९ ला प्रोस्टला. बरं, प्रोस्टचे टीममेट कोण कोण बघा: लाउडा, केके रोझबर्ग, सेना, मॅन्सेल, डेमन हिल. पाचही जण कधी ना कधी वर्ल्ड चॅम्पियन झालेले. इतक्या तगड्या लोकांबरोबर सारखी गाडी वाटून घेऊन ज्यानं चार टायटल काढली त्याला नुसता हिशेबी म्हणून कसं चालेल.

आणि हिशेबाचंच म्हणाल तर १९८६ ची ॲडलेड. सीझनची शेवटची शर्यत, टायटलसाठी तिघं, मॅन्सेल आणि पिके यांच्या विल्यम्सला होंडाचं जबरदस्त इंजिन, प्रोस्टची मॅकलारेन त्यांच्यापुढं कमीच. त्यात अख्ख्या शर्यतीला पेट्रोल फक्त १९५ लिटर वापरायची परवानगी. प्रोस्टचं टायर पंक्चर झालं, मागं पडला, नवीन टायर घेऊन परत निघाला. मग मॅन्सेलचं मागचं टायर सरळ रस्त्यावर ठिणग्या उडवत फुटलं, घाबरून विल्यम्सनं पिकेला टायर बदलायला बोलावलं, आणि प्रोस्ट पुढं. तोपर्यंत त्याच्या गाडीतला कॉम्प्युटर सांगत होता की शेवटपर्यंत पेट्रोल पुरणार नाही. मागं पिके नवीन टायर घेऊन येतोय, पुढं काटा रिकामा दाखवतोय, हळू गेलं तर पिके गाठणार आणि जोरात गेलं तर रस्त्यात बंद पडणार. तो मधलं बरोबर माप धरून आला, शर्यत जिंकली, टायटल दोन पॉइंटांनी जिंकलं आणि रेषा ओलांडल्यावर लगेच गाडी लावून उतरला. याला वेड नाही लागत, मान्य. पण याला जे लागतं ते जास्त दुर्मिळ आहे असं माझं मत.

आणि हिशेबी माणूस वेडं चालवूच शकत नाही असंही नाहीये. परत फँजिओकडं जातो, रागवू नका. १९५७, नुर्बुर्गरिंग, डोंगर-जंगलातला २२.८ किलोमीटरचा एक लॅप. याचा प्लॅन होता अर्ध्या टाकीवर हलकी गाडी पळवायची, आघाडी घ्यायची आणि मध्येच थांबून टायर-पेट्रोल करायचं. आघाडी झाली साधारण अर्धा मिनिट, पण पिटमध्ये माणसांनी गोंधळ घातला आणि बाहेर पडला तेव्हा हॉथॉर्न नि कॉलिन्सच्या दोन फेरारी पाऊण मिनिटाहून जास्त पुढं. मग त्यानं लॅप रेकॉर्ड मोडायला सुरुवात केली, एकदा नाही, परत परत, आणि शेवटी ९ मिनिटं १७.४ सेकंद, म्हणजे स्वतःच्याच पोलच्या वेळेपेक्षा आठ सेकंदांनी फास्ट. शेवटून दुसऱ्या लॅपला दोघांनाही मागं टाकलं. नंतर म्हणाला की असं मी आधी कधी चालवलं नव्हतं आणि परत कधी चालवायची इच्छा पण नाही. वेड होतं, फक्त खिशात ठेवलेलं होतं, लागेल तेव्हा काढायला.

सेना माझा चौथा आहे ताई. आता उघडा अंक.

आमचे सासरे म्हणतात यात ड्रायव्हरचं काय कौतुक, भारी गाडी मिळाली की कोणीही जिंकतो. खरं आहे का?
*सूनबाई, ठाणे*

सासऱ्यांना सांगा तुमचं बरंचसं बरोबर आहे, म्हणजे आधी ते खूश होतील आणि मग पुढचं ऐकतील. शेफिल्ड विद्यापीठातल्या लोकांनी १९५० ते २०१४ च्या सगळ्या निकालांचं गणित मांडलं होतं, त्यात निघालं की निकालांमधला जो फरक आहे त्यातला साधारण ८६ टक्के टीममुळं, ड्रायव्हरचा वाटा उरलेला. आणि गाडीचा हात वजा केल्यावर त्यांच्या यादीत सगळ्यात वर कोण आलं? फँजिओ. (मी काही त्यांना फोन केला नव्हता.)

पण उरलेल्या त्या थोड्याशा टक्क्यांतच तर सगळी मजा आहे. मोजायची सोपी पट्टी म्हणजे टीममेट, कारण गाडी सारखी. २००७ ला लुईस हॅमिल्टन पहिल्यांदाच फॉर्म्युला वनमध्ये आला, शेजारी कोण तर लागोपाठ दोनदा चॅम्पियन झालेला अलोन्सो, आणि वर्षअखेरीला दोघांचे पॉइंट अगदी सारखे, १०९ आणि १०९. या भांडणात टायटल एका पॉइंटानं रायकोनेन घेऊन गेला ते सोडा, पण पोरगा काय आहे ते त्या वर्षीच कळलं होतं.

दुसरी पट्टी म्हणजे गाडी खराब असताना काय केलं. शूमाकर दोन टायटल जिंकून १९९६ ला फेरारीत गेला, जिथं १९७९ पासून ड्रायव्हरचं टायटल आलंच नव्हतं. ती गाडी म्हणजे वैताग होता. त्याच वर्षी बार्सिलोनाला धो धो पाऊस, स्टार्ट बिघडला, मागं पडला, आणि मग एकेकाला गाठत दुसऱ्या नंबरपेक्षा ४५ सेकंद आधी आला, काही काही लॅपला तर बाकीच्यांपेक्षा तीन-तीन सेकंद फास्ट. तिथंच दोन वर्षं आधी बेनेटन टीमच्या गाडीत त्याचा गिअर पाचव्यात अडकला होता. नुसता पाचवा गिअर! पिटमध्ये थांबून परत निघायचं ते पण पाचव्यातच, आणि पठ्ठ्या दुसरा आला. वळणं वेगळ्या रेषेनं घेऊन गाडीचा वेग पडूच द्यायचा नाही असं काहीतरी त्यानं चालवता चालवता बसवलं. परत तेच, उरलेलं डोकं.

त्याला पहिल्या तिघांत का नाही घेतलं ते खाली येतंय.

नुसतं बसून तर चालवायचं असतं, याला खेळाडू कशाला म्हणायचं?
*कबड्डीपटू, सांगली*

ब्रेक मारताना आणि फास्ट वळणाला शरीरावर पाच जीपर्यंत जोर येतो, म्हणजे हेल्मेटसकट डोकं नेहमीच्या पाचपट जड, आणि ते एका मानेवर, दीड-दोन तास. सिंगापूरसारख्या दमट ठिकाणी माणसाचं दोन-तीन किलो पाणी घामावाटे जातं. एकदा चढाईला जाताना मानेला वाळूची पिशवी बांधून बघा आणि मला कळवा.

पावसात जो जिंकतो तोच खरा, असं का म्हणतात?
*एक वाचक, रत्नागिरी*

रत्नागिरीकराला पावसाचं काय सांगायचं. ओल्या रस्त्यावर इंजिनाची ताकद वापरताच येत नाही, चाकं नुसती फिरतात, त्यामुळं भारी गाडी आणि साधी गाडी यातलं अंतर कमी होतं. शिवाय पकड दर लॅपला बदलते, कालची रेषा आज चालत नाही, रबर बसलेली नेहमीची रेषा तर उलट जास्त घसरते, म्हणून बाहेरून नवीन वाट शोधायला लागते. १९९३ ला डॉनिंग्टनला सेनानं पहिल्या वळणाला पाचव्या नंबरवर असताना तो लॅप संपायच्या आत चौघांना मागं टाकलं, शूमाकर, वेंडलिंगर, हिल, प्रोस्ट. प्रोस्ट त्या दिवशी सात वेळा टायर बदलायला आत आला, पाऊस चालू-बंद, चालू-बंद, आणि हा माझा तीन नंबर, बघवत नव्हतं. जॅकी स्टुअर्टनं १९६८ ला नुर्बुर्गरिंगच्या धुक्यात नि पावसात, मनगट दुखावलेलं असताना, चार मिनिटांनी शर्यत जिंकली. सेकंद नाही, मिनिटं.

पण मला जास्त आवडते ती २०२० ची इस्तंबूल. हॅमिल्टन सहावा निघाला होता, गाडीला पकड नाही, सगळे टायर बदलायला आत पळतायत आणि यानं तेच इंटरमीडिएट (हलक्या पावसाचे) टायर पन्नास लॅप चालवले, इतके झिजवले की शेवटी ते कोरड्या रस्त्याच्या गुळगुळीत स्लिकसारखे झाले आणि सुकत चाललेल्या रस्त्याला तेच लागत होते. तिथं सातवं टायटल पक्कं झालं. टीव्हीवर बघताना कंटाळवाणी वाटली होती, खरी भारी तिथंच होती.

मुद्दाम धडक मारणाऱ्यांना तुम्ही ग्रेट म्हणणार का? मुलांना काय सांगायचं आम्ही?
*शिक्षिका, सोलापूर*

मॅडम, माझ्याकडं मार्क कापले जातात. सेना १९९० ला सुझुकाला पहिल्याच वळणाला प्रोस्टला घेऊन बाहेर गेला, टायटल त्यालाच मिळालं, आणि पुढच्या वर्षी त्यानं ते मुद्दाम होतं हे कबूल पण केलं. आदल्या वर्षी तिथंच प्रोस्टनं पण दार लावलं होतं, तेव्हा माझ्या तीन नंबरचे पण थोडे कापा. शूमाकरनं १९९७ ला हेरेझला जाक व्हिलनव्हला ठोकलं आणि त्याला अख्ख्या चॅम्पियनशिपच्या निकालातनंच काढलं. एवढा मोठा ड्रायव्हर, आणि कोणी बाजूनं घुसलं की हातातलं स्टीअरिंग तिकडंच वळायचं. म्हणजे दबावाखाली उरायला पाहिजे ते डोकं तिथं उरलं नाही, असं मी धरतो, म्हणून तो माझा पाचवा.

मुलांना स्टर्लिंग मॉसचं सांगा. कधीच चॅम्पियन झाला नाही, लागोपाठ चार वर्षं दुसरा आला. १९५८ ला पोर्तुगालच्या शर्यतीत माईक हॉथॉर्नची गाडी बंद पडली आणि ती चालू करताना तो उलट्या दिशेनं गेला म्हणून त्याला बाद करायचं चाललं होतं. मॉस स्वतः जाऊन म्हणाला की तो शर्यतीच्या रस्त्यावर नव्हताच, बाजूला होता, बाद करू नका. हॉथॉर्नचे पॉइंट राहिले. वर्षअखेरीला हॉथॉर्न ४२, मॉस ४१. त्या वर्षी मॉसनं चार शर्यती जिंकल्या होत्या आणि हॉथॉर्ननं एक.

आणि मॉस भोळा होता म्हणून ग्रेट नाही हां. १९६१ च्या मोनॅकोला एका खासगी टीमच्या आदल्या वर्षीच्या लोटसमध्ये त्यानं नव्या, कितीतरी ताकदवान फेरारींना शंभर लॅपच्या शर्यतीत चौदाव्या लॅपपासून शेवटपर्यंत मागं ठेवलं, जिंकला साडेतीन सेकंदांनी.

जिम क्लार्कबद्दल तुम्ही काहीच सांगत नाही, नुसतं दोन नंबर म्हणून सोडून देता.
*निवृत्त बँकवाले, कोल्हापूर*

काका, खरंय. स्कॉटलंडमधला शेतकरी माणूस, मेंढ्या पाळायचा. ७२ शर्यतींत २५ विजय, टायटल १९६३ आणि १९६५ ला, आणि ६५ ला इंडियानापोलिस ५०० पण जिंकली. सगळं एकाच लोटस कंपनीत, आणि त्या लोटस फार हलक्या नि नाजूक, मोडायच्या. क्लार्क इतका मऊ चालवायचा की त्याचे टायर आणि ब्रेक दुसऱ्यांपेक्षा जास्त टिकायचे, स्पीड जास्त आणि झीज कमी, हे कसं जमतं ते त्याला स्वतःलाही धड सांगता यायचं नाही. १९६७ ला मोंझाला पंक्चरमुळं अख्खा एक लॅप मागं पडला, तो लॅप भरून काढला, परत सगळ्यांच्या पुढं आला, आणि शेवटच्या लॅपला इंजिनाला पेट्रोलच मिळेना म्हणून तिसरा आला. जिंकला नाही तरी माझ्या मते त्याची ती सगळ्यात मोठी शर्यत. पुढच्या वर्षी ७ एप्रिलला हॉकेनहाइमला एका फॉर्म्युला टू (फॉर्म्युला वनच्या खालची पायरी) शर्यतीत अपघातात गेला, वय ३२. हा हिशेब पण धरायला लागतो, त्या काळात चूक म्हणजे पॉइंट जाणं नव्हतं.

गिल व्हिलनव्ह?
*मित्र, दादर*

बघायला सगळ्यात भारी. सहा विजय. १९७९ ला हॉलंडमध्ये फाटक्या टायरवर, तीन चाकांवर गाडी फरफटत पिटमध्ये आणली आणि म्हणाला नवीन चाक लावा, मी जातो. प्रेम आहे, पण यादीत नाही.

आपला माणूस कधी दिसणार त्या यादीत?
*गो-कार्टवाला, कोल्हापूर*

लवकर नाही, आणि कारण हिंमतीचं नाहीये, वयाचं आणि पैशाचं आहे. युरोपात पोरं सात-आठ वर्षांची असताना कार्टिंगला बसतात आणि चौदा-पंधरापर्यंत शेकडो शर्यती झालेल्या असतात. ते उरलेलं डोकं तिथं तयार होतं, विशीत शिकायला गेलं तर नाही होत. नारायण कार्तिकेयन २००५ ला पहिला भारतीय म्हणून पोचला, नंतर करुण चांदोक. ग्रेटर नोएडाला २०११ ते १३ तीन शर्यती झाल्या, तिन्ही फेटलनं जिंकल्या, मग बंद. आपल्या मुंबईचा जेहान दारुवाला फॉर्म्युला टूमध्ये शर्यती जिंकला, म्हणजे शेवटच्या पायरीपर्यंत गेला, आणि तिथनं वर जागाच वीस-बावीस. तुमच्या कोल्हापुरात कार्टिंगचा चांगला ट्रॅक आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या फेऱ्या पण झाल्यात तिथं, तेव्हा पोराला बसवायचं असेल तर आताच बसव, दहावीनंतर बघू म्हणू नकोस.

टीव्हीवर बघताना कोण भारी चालवतोय हे आम्हाला कसं कळणार? सगळेच सारखे दिसतात.
*नवीन प्रेक्षक, छत्रपती संभाजीनगर*

पहिल्या नंबरकडं बघू नका, तो बहुतेक वेळा गाडीचा असतो. एकाच टीमचे दोघं कुठं आहेत ते बघा, शनिवारी (जागा ठरवायच्या फेरीत) किती फरक, रविवारी (शर्यतीत) किती. मग पिटमध्ये यायच्या आधीचा लॅप आणि बाहेर पडल्यानंतरचा पहिला लॅप बघा, टायर संपलेले किंवा गार असतात, तिथं चांगला ड्रायव्हर एक-दोन सेकंद काढून जातो. ऑनबोर्ड कॅमेरा लागला की हात बघा, वळणात ज्याचं स्टीअरिंग कमीत कमी हलतंय तो बहुधा टायर वाचवतोय. आणि रेडिओ ऐका. एकजण धापा टाकत ओरडत असतो, आणि दुसरा त्याच वळणात निवांत विचारत असतो की पुढच्याच्या पुढचा किती सेकंदांवर आहे.